टोमॅटोच्या आधीचे महिने

जर्मनीतल्या नव्या स्त्रीवादी चळवळीची गोष्ट बहुतेकजण १३ सप्टेंबर १९६८पासून सांगतात. त्या दिवशी फ्रँकफुर्टला समाजवादी विद्यार्थी संघटनेच्या अधिवेशनात हेल्के झान्डर बोलल्या. समाजातल्या शोषणावर बोलणारे कार्यकर्ते घरातल्या शोषणाकडे डोळेझाक करतात, हे त्यांनी तोंडावर सुनावलं. त्यावर चर्चा न करताच सभा पुढच्या विषयाकडे वळू लागली, तेव्हा दिवस भरत आलेल्या झिग्रिड र्‍यूगर यांनी मंचाकडे टोमॅटो भिरकावले. एक बसला हान्स-युर्गेन क्राल या बड्या नेत्याला.

मला मात्र त्याआधीचे महिने जास्त मोलाचे वाटतात. झान्डर तेव्हा पश्चिम बर्लिनच्या फिल्म अकादमीत शिकत होत्या आणि मुलाला एकटीने वाढवत होत्या. जानेवारी १९६८मध्ये त्यांनी इतर बायकांसोबत स्त्रीमुक्तीसाठी कृतिसमिती काढली. समितीपुढचा पहिला प्रश्न अगदी रोजचा होता: बैठकीला यायचं तर पोरं कुणाकडे ठेवायची? बालवाड्या अपुऱ्या, त्यातल्या बऱ्याचशा जेवणाच्या वेळेपर्यंतच चालणाऱ्या. फेब्रुवारीत तांत्रिक विद्यापीठात मोठी व्हिएतनाम परिषद भरली, तेव्हा आयांनाही भाग घेता यावा म्हणून समितीने मुलं सांभाळायची सोय केली. मुक्तीच्या सभेत मुलांची सोय नसेल, तर कोण येणार नाही हे आधीच ठरलेलं असतं; या बायकांनी ते ओळखलं होतं.

मग बंद पडलेली छोटी दुकानं भाड्याने घेऊन पालकांनी पाळीपाळीने चालवायची पाळणाघरं निघाली. ती लगेच गाजली, आणि ऑगस्टमध्ये त्यांचं मध्यवर्ती मंडळही स्थापन झालं. पण तिथे मुलांना धाकाविना कसं वाढवावं याच्या सिद्धान्तांनाच जोर आला आणि आयांना वेळ मिळावा हा मूळ हेतू मागे पडला. याची खंत झान्डर यांनी पुढेही बोलून दाखवली. ती मला रास्त वाटते.

दोन वर्षांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात ब्रिटनमधली पहिली स्त्रीमुक्ती परिषद झाली. तिथलं पाळणाघर पुरुषांनी चालवलं. विचारवंत स्टुअर्ट हॉल त्यात होते. चर्चा बायकांची आणि पोरं बाप्यांकडे, ही वाटणी मला आजही धाडसी वाटते.

पश्चिम जर्मनीत १९७७पर्यंत कायदा घर सांभाळणं हे बायकोचंच काम मानत होता. तीन वर्षांपुढच्या मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क १९९६मध्ये आला, एक वर्षापुढच्या मुलाला १ ऑगस्ट २०१३ला. पण हा हक्क दिवसाचा आहे. संध्याकाळच्या नि शनिवार-रविवारच्या सभांसाठी आयोजकांनाच खोली, माणसं आणि पैसे उभे करावे लागतात.