सुट्या भागांचा रंगमंच

चैत्र शुद्ध त्रयोदशी जवळ आली की तालुक्याच्या गावांतील लहान श्रीसंघांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. पाठशाळेच्या मुलांची नृत्यनाटिका बसलेली असते, महिला मंडळाची भजने तयार असतात, प्रभावनेचेही ठरलेले असते; परंतु रंगमंच कोणाचा? चैत्र हा गावोगावच्या जत्रांचाही महिना. मांडववाल्याने त्याच दिवशी आणखी तीन ठिकाणी शब्द दिलेला असतो. मग आपल्या वाट्यास येतात तेलाचे रिकामे बॅरल, त्यांवर टाकलेल्या फळ्या आणि त्या फळ्या झाकणारी सतरंजी.

हा बॅरलचा मंच दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. २०० लिटरचा बॅरल सुमारे ३५ इंच उंच असतो, म्हणजे पडणाऱ्या मुलासाठी ती उंची थोडी नव्हे. फळ्या एकमेकींना आणि बॅरलला बांधलेल्या नसतात, त्यामुळे फळीच्या अधांतरी टोकावर पाय पडला की दुसरे टोक वर उचलले जाते. सतरंजी तर तीच फट डोळ्यांआड करते. उत्सवाचा खर्च कमी ठेवण्यास आमचा विरोध नाही. उलट तो कमीच असावा. मात्र काटकसर करायची ती झालरीवर आणि फुलांच्या कमानीवर करावी, मुलांच्या पायाखाली नव्हे.

स्वतःचा, सुट्या भागांचा रंगमंच करून घेणे लहान संघाच्याही आवाक्यात आहे. प्रथम आकार ठरवावा. त्रिशलामातेची स्वप्ने श्वेतांबर परंपरेत १४, दिगंबर परंपरेत १६; ती घेऊन मुले एका ओळीत उभी राहतात. प्रत्येकास दीड फूट धरल्यास १६ मुलांना २४ फूट रुंदी लागते. खोली १६ फूट पुरे. प्लायवूडचा अखंड ताव ८ फूट बाय ४ फूट असतो. असे १२ ताव, रुंदीत ३ आणि खोलीत ४, मांडले की नेमके २४ बाय १६ होतात आणि एकही ताव कापावा लागत नाही. प्रेक्षक सतरंजीवर बसणार असतील तर २ फूट उंची पुष्कळ झाली.

आता भार. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात रंगमंचासाठी दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ५०० किलो, भार धरण्यास सांगितले आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर प्लायच्या एका तावावर साखरेची ५० किलोची ३० पोती. चौदा-सोळा मुलांसाठी एवढे कशाला, असे कोणी विचारील. परंतु मंचावर खरी गर्दी नाटिकेच्या वेळी नसते. ती बक्षीस समारंभानंतर फोटोसाठी होते, आणि तेव्हा पाहुणे, विश्वस्त, पालक असे सगळे एकाच कोपऱ्यात दाटतात. शिवाय तालावर एकदम पडणारी पावले स्थिर वजनापेक्षा अधिक भारी पडतात. म्हणून कारखान्यातून चौकटी ताब्यात घेण्यापूर्वी एका चौकटीवर खरोखरच ३० पोती रचून पाहावीत. आपल्यापैकी अनेकांच्या गोदामात ती आहेतच.

प्रत्येक तावाखाली लोखंडी चौकोनी पाइपची एक चौकट हवी. पाइप ५० मिलिमीटर चौरस आणि २ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. चौकटीत लांबीच्या दोन बाजू, दोन टोके आणि दर दोन फुटांवर एक असे मधले तीन आडवे तुकडे. मिळून सुमारे ३६ फूट पाइप. पाय चार नव्हे, सहा. हा मधल्या जोडीचा मुद्दा वेल्डर हमखास टाळू पाहतो, ‘काही होत नाही, शेठ’ म्हणतो. पण ८ फुटांचा गाळा मध्ये आधार न देता सोडला तर त्या पाइपवरील ताण चौपट होतो आणि वर सांगितलेला भार तो पेलू शकत नाही. सहा पायांवर मात्र तीच चौकट निभावून नेते. पाय चौकटीला बोल्टने बसवावेत, म्हणजे काढून ठेवता येतात. शेजारच्या चौकटीही एकमेकींना बोल्टने जोडाव्यात आणि बाहेरच्या पायांत दोन्ही दिशांनी तिरकस पट्ट्यांच्या फुल्या घालाव्यात. नुसत्या उभ्या पायांचा मंच वरून वजन घेतो. बाजूने डोलू लागला की तो बसतो.

प्लाय १८ मिलिमीटर जाडीचा आणि भारतीय मानक ७१० चा, म्हणजे पाण्यात न सुटणारा घ्यावा. कडांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण पाणी कडेतूनच शिरते. बांधकामाचा गुळगुळीत शटरिंग प्लाय स्वस्त पडतो, पण ओला झाला की घसरतो.

मांडणीसाठी खड्डे खणण्याची गरज नाही, हा या रचनेचा आम्हाला विशेष भावलेला गुण. बांबूच्या मांडवासाठी जमीन उकरावी लागते आणि त्यात मुंग्यांची वारुळे किती मोडतात याचा हिशोब कोणी ठेवत नाही. येथे जागा पाहून, जयणेने झाडून, प्रत्येक पायाखाली एक फूट चौरस जाड फळी ठेवली की झाले. मधल्या पायावर पूर्ण भार असताना पावणेचारशे किलोंपर्यंत वजन येते. फळी नसेल तर नांगरलेल्या किंवा भराव घातलेल्या जमिनीत तो पाय रुतून मंच कलतो.

सर्वांत मोठा धोका मात्र मंचाचा नसून मागच्या पडद्याचा आहे. चैत्र-वैशाखात दुपार ढळली की वावटळ उठते, कधी वळवाचा पाऊस येतो. २० फूट बाय ८ फुटांचा फ्लेक्स म्हणजे जहाजाचे शीडच. ताशी ५० किलोमीटर वाऱ्याचा त्यावर पावणेदोनशे किलोंहून अधिक रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. हा रेटा नाटिकेतील मुलांच्या डोक्यावरच यायचा. म्हणून पडद्याची चौकट मंचाच्या मागे स्वतंत्र उभी करावी, तिला मागे तिरपे आधार द्यावेत आणि त्या आधारांच्या पायाशी पाण्याने भरलेले २०० लिटरचे बॅरल बांधावेत. (बॅरलचा खरा उपयोग हा!) फ्लेक्सऐवजी कापड वापरून ते एका गाठीने सुटेल असे बांधले तर अधिक चांगले. कापड सोडण्याचे काम एका जबाबदार माणसाकडे आधीच सोपवावे आणि पाहुण्यांचे भाषण चालू असले तरी त्याने ते सोडावे. देणगीदारांची नावे असलेला फ्लेक्स उतरवण्यास कोणी धजत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जन्मकल्याणकाचा पाळणाही या चौकटीला टांगू नये. त्याला मंचावर स्वतःची तिकाटणी असावी.

पायऱ्या दोन्ही बाजूंना, सहा-सहा इंचांच्या आणि कठड्यासह असाव्यात. मंचाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी असावी. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग द्यावे आणि विजेच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच असावा.

रुपयांचे आकडे येथे मुद्दाम दिलेले नाहीत. लोखंडाचा आणि प्लायचा आजचा भाव वाचकांना आमच्याहून चांगला ठाऊक आहे. माल असा: प्लायचे १२ ताव आणि पाय, फुल्या धरून ६०० किलोंच्या आसपास लोखंड. सारे मिळून एक टन, म्हणजे छोट्या टेम्पोच्या दोन फेऱ्या. एक ताव किंवा एक चौकट सुमारे ३३ किलोंची, दोघांना सहज उचलता येणारी.

चार गावांनी मिळून एकच मंच करावा ही सूचना नेहमी पुढे येते. ती ऐकण्यास गोड आहे, पण त्रयोदशी चारही गावांत एकाच दिवशी असते. त्यापेक्षा प्रत्येक गावाने सहा चौकटी कराव्यात. सहांचा मंच १६ फूट बाय १२ फुटांचा होतो आणि नेहमीच्या कार्यक्रमास तो पुरतो. मोठ्या प्रसंगी शेजारच्या गावाच्या सहा आणून २४ बाय १६ चा मंच उभा राहतो. यासाठी एकच अट आहे: सर्व गावांच्या चौकटी एकाच साच्यावर, बोल्टची छिद्रे तंतोतंत त्याच अंतरावर पाडून घेतलेल्या हव्यात. एका गावाने साचा जपावा आणि दुसऱ्याला द्यावा. वर्षाचे उरलेले दिवस मंच शाळेच्या स्नेहसंमेलनाला, गणेशोत्सवाला जरूर द्यावा; देताना व घेताना चौकटी, पाय आणि बोल्ट मोजून वहीत नोंद करावी. हरवतात ते नेहमी बोल्टच.

चातुर्मासापूर्वी मात्र सर्व भाग उन्हात वाळवून, लोखंडाला रेड ऑक्साइडचा हात देऊन, प्लाय जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर, आडवे रचून ठेवावेत. ओलसर लाकडात बुरशी आणि किडे झाले की औषध फवारण्याचा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी कोणालाच देववत नाही. जबाबदारी घेणाऱ्याने आषाढी चौदसीच्या आधी एकदा गोदामात जाऊन ढीग पाहून यावा.