ओवणं, विकणं, गाठवणं

2010 च्या आसपास पुण्या-ठाण्यात ज्वेलरी मेकिंगच्या क्लासची लाट आली होती. त्याआधी ग्लास पेंटिंगची येऊन गेली, नंतर क्विलिंगची आणि टेराकोटाची आली. शनिवार-रविवारचा क्लास असायचा. फीमध्येच एक प्लॅस्टिकची डबी मिळायची. तिच्यात पक्कड, कटर, आयपिना, हेडपिना, जंप रिंगा आणि मूठभर मणी. रविवारी संध्याकाळी प्रत्येकीच्या कानात स्वतः केलेले डूल. आमच्या बॅचमधल्या बहुतेकींचा धंदा दिवाळीला सुरू झाला आणि संक्रांतीपर्यंत आटोपलासुद्धा. मी टिकले त्यात कलेचा वाटा थोडाच. नोकरी सोडलेली होती, मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती आणि पुण्यातली रविवार पेठ घरापासून चालत जाण्याइतकी जवळ होती.

या धंद्याचं खरं शिक्षण रविवार पेठेत आणि बोहरी आळीत झालं. तिथे काही माल वजनावर मिळतो, काही लडीवर, काही ग्रोसवर. काचेचे मणी उत्तर प्रदेशातल्या पुरदिलनगरचे, अकीक खंबातचं, आणि क्रिस्टल म्हणून चमकतं ते बहुतेक सगळं चिनी. हैदराबादी म्हणून विकले जाणारे मोतीही बहुधा चीनच्या गोड्या पाण्यातलेच. हैदराबादेत त्यांना भोक पाडून, निवडून, सरात ओवतात. दुकानदारांनी मालाला दिलेल्या नावांचा तर वेगळाच शब्दकोश आहे. चमकत्या कृत्रिम खड्याला मोनालिसा, पिनेत अडकवलेल्या टपोऱ्या मोत्यांना लोरियल, ओवायच्या स्टीलच्या तारेला गिअर वायर. ही नावं कुठून आली हे मी विचारून पाहिलं. ‘ताई, नाव मोनालिसा, भाव लडीला चाळीस,’ यापलीकडे माहिती मिळाली नाही.

पहिली काही वर्षं ओवण्यातच गेली. सोसायटीतल्या बायका, भिशी, शाळेच्या गेटवर उभ्या असणाऱ्या आया हे गिऱ्हाईक. डबा उघडायचा, त्या निवडायच्या. पैसे पुढच्या महिन्यात, किंवा ‘काकू, नंतर देते हं.’ तेव्हा धंद्याचा हिशेब मण्यांपुरता होता. चाळीसचा माल लागला की शंभरला विकायचं, साठ सुटले म्हणून खूश. त्या साठांत दोन तास बसले होते आणि पाठ धरली होती, हे वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. छंदातून धंदा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीच्या वहीत ही मजुरीची ओळ गायब असते. ती नसते म्हणूनच सगळा कारभार नफ्यात दिसतो.

2013 च्या जुलैत झी मराठीवर ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका सुरू झाली आणि पुढची दोन-अडीच वर्षं तिच्या नायिकेचं, जान्हवीचं मंगळसूत्र हा एकच माल चालला. काळ्या मण्यांचा पुडा संपेपर्यंत तेच ओवत बसायचं. तुळशीबागेतले गाळेवाले ते आमच्या खर्चापेक्षा कमी भावात विकत होते, कारण त्यांचा माल यंत्रावर निघायचा आणि पोत्याने यायचा. तरी आमच्याकडे बायका येत, कारण आम्ही लांबी हवी तशी करून देत होतो. गळ्याच्या मापाची चौकशी करून माळ करणं यंत्राला परवडत नाही. 2015 च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि मंगळसूत्राची जागा नथीने घेतली. कोरेगाव पार्कमधल्या मुलीसुद्धा दाबाची नथ मागू लागल्या. नथ करायला अवघड नाही, पण तिची तार नाकाला टोचत नाही इतकी मऊ आणि मोती हलत नाही इतकी ताठ हवी. ते हाताला बसायला वेळ लागला.

त्याच सुमाराला मला जपानी मण्यांचं वेड लागलं. हिरोशिमा भागात तयार होणारे हे मणी. अकरा नंबरचा मणी जेमतेम दोन मिलिमीटरचा. नंबर जसा वाढतो तसा मणी बारीक होतो. आपल्या पुड्यातला मणी एक जाड, एक चपटा, एकाचं भोक तिरकं. हे मात्र एका साच्यातून काढल्यासारखे. त्यामुळे विटांच्या भिंतीसारखं एकावर एक विणत गेलं की कापडासारखा सपाट पट्टा तयार होतो. पैठणीच्या पदरावरचा मोर मी तसा कानातल्यांत विणला. एक जोड बसून केला तरी संध्याकाळ जायची आणि साडेचारशेच्या वर कोणी द्यायचं नाही. प्रदर्शनात एका बाईंनी तो हातात घेतला, उलटून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘छान आहे. पण सोन्याचं नाही ना.’ त्यात वावगं काही नव्हतं. आपल्याकडे दागिना म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारी वस्तू. मोडून काहीच न येणाऱ्या वस्तूला लोक हौसेपुरतेच पैसे देतात.

प्रदर्शनांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टेबलाचं भाडं आगाऊ, जागा कायम जिन्याखाली किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, आणि शेजारी पापड-मसाले, त्यामुळे संध्याकाळपर्यंत कापडी डब्यांना गोडा मसाल्याचा वास. एक गोष्ट कामाची कळली. टेबलावर आरसा उभा केला की बाई थांबते, आणि थांबली की निम्मी विक्री झाली.

2016 नंतर पैशाची रीत बदलली. नोटाबंदी झाली, मग क्यूआर कोडचा चौकोन टेबलावर आला आणि ‘नंतर देते’ हे वाक्य जवळपास नाहीसं झालं. 2017 च्या जुलैत जीएसटी आला. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर विकायचं तर उलाढाल कितीही किरकोळ असो, नोंदणी हवीच, असा नियम होता. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना त्यातून सूट मिळाली ती ऑक्टोबर 2023 पासून. मधल्या काळात आम्ही बहुतेकजणी इन्स्टाग्रामवरच राहिलो. तिथे फोटोखाली ‘प्राइस प्लीज’ लिहिणाऱ्या शंभरजणींपैकी घेणारी एखादी, आणि नवी डिझाइन टाकली की आठवड्यात तिची नक्कल दुसरीकडे हजर. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ हा प्रकार मात्र मला कधी जमला नाही. भाजीवालीसुद्धा भाव मोठ्याने सांगते.

लॉकडाउनमध्ये चिनी क्रिस्टलच्या लडी मिळेनाशा झाल्या आणि ज्या उरल्या त्या महागल्या. त्याच सुमाराला ऑस्ट्रियाच्या स्वारोव्हस्कीने छंदवाल्यांपर्यंत पोचणारे सुटे स्फटिक विकणं बंद करत आणलं. जगभरच्या मणीवाल्या हळहळल्या. मला फरक पडला नाही, कारण तोवर माझ्या टेबलावर भलतंच काम येऊ लागलं होतं.

लोक घरी बसले होते, कपाटं उघडली जात होती आणि आज्यांच्या डब्या बाहेर निघत होत्या. त्यात तुटलेल्या बोरमाळा, सुटलेले तन्मणी आणि पेट्या वेगळ्या झालेल्या चिंचपेट्या. पूर्वी हे काम सराफांच्या दुकानाबाहेर बसणारे पटवेकरी करत. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून, डोळे वर न करता, हार गाठवून देत. त्यांतले बरेच आता दिसत नाहीत. मोती गाठवायचा म्हणजे प्रत्येक मोत्यानंतर एक गाठ. गाठ सैल मारायची, सुईचं टोक तिच्यात घालून ती मोत्याच्या अगदी पाठीशी सरकवत न्यायची आणि मग ओढायची. जराशी अलीकडे बसली तर मधे दोरा दिसतो, आणि उसवायला गेलं तर रेशीम पिंजतं. गाठीमुळे मोत्यांना एकमेकांचं घर्षण लागत नाही आणि सर तुटलाच तर एकच मोती पडतो. चिंचपेटीला याच्या दुप्पट वेळ लागतो. तिच्या पेट्यांना एकाखाली एक भोकं असतात आणि सगळे सर एकाच ताणात गेले नाहीत तर गळ्यावर पेट्या तिरक्या बसतात.

या कामाचे नियम मी पहिल्या दिवसापासून कडक ठेवले. मोती गिऱ्हाइकासमोर मोजायचे, वजन करायचं, फोटो काढायचा, कागदावर लिहून दोघांच्या सह्या. सोन्याच्या वाट्या ठेवून घ्यायच्या नाहीत. मंगळसूत्र गाठवायचं तर समोर बसा, चहा घ्या, काम होईपर्यंत गप्पा मारा. आणि इथे एक गंमत झाली. मोराच्या कानातल्यांवर घासाघीस करणाऱ्या बायका गाठवण्याचे पैसे एक शब्द न बोलता देतात. कारण इथे वस्तू त्यांचीच आहे. मी विकते ते फक्त हातांचे तास. सोनं 2010 मध्ये तोळ्याला वीस हजारांच्या आतबाहेर होतं, 2025 मध्ये लाखाच्या वर गेलं. नवं घेणं जड झालं तसं जुनं नीट करून घालणं वाढलं. वहीतली ती गायब ओळ अशी आपोआप भरली गेली.

नवं करणं पूर्ण थांबलेलं नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी गौरी-गणपतीला पोस्टाने पार्सलं जायची. 2025 मध्ये तिथे आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी 29 ऑगस्टपासून संपली आणि आपल्या टपाल खात्याने त्याआधीच अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं. गणपती 27 ला. बांधून ठेवलेले बाजूबंद आणि मोत्यांचे हार मी इथेच विकले, गौरींच्या आदल्या दिवशीपर्यंत. ऑक्टोबरात सेवा पुन्हा सुरू झाली, पण शुल्क इथेच आगाऊ भरायचं. तिथल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने यावर सोपा तोडगा काढला. भारतात येताना आईचा तन्मणी बरोबर आणायचा, इथे गाठवून घ्यायचा, गळ्यात घालूनच परत जायचं.

प्रदर्शनाचं टेबल आता मी घेत नाही. मांडायला तेवढा माल नसतो, आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, त्याआधी लोकांच्या चिंचपेट्या परत द्यायच्या असतात.