रंगावर रंग चढवताना: स्केल मॉडेलमधले काही गैरसमज

स्केल मॉडेलच्या छंदात नव्याने आलेल्याला एक नियम हमखास ऐकायला मिळतो: आधी लॅकर, त्यावर ॲक्रिलिक, सगळ्यात वर इनॅमल. क्रम चुकला की रंग सुरकुतलाच म्हणून समजा. नियम सोयीचा आहे, आणि त्याने पुष्कळ मॉडेलं वाचवलीही आहेत. पण तो जसाच्या तसा खरा नाही. त्यामागचं कारण ठाऊक नसेल, तर नियम पाळूनही रंग बिघडतो.

कारण असं. वरच्या थरातलं द्रावक खालच्या थरातल्या रेझिनला मऊ करू शकतं का, एवढाच खरा प्रश्न असतो. लॅकर वाळतो तो केवळ द्रावक उडून गेल्यामुळे. रेझिनमध्ये रासायनिक बदल होत नाही, म्हणून वर्षभराने लॅकर थिनरचा बोळा फिरवला तरी तो पुन्हा विरघळतो. इनॅमलचं तसं नाही. त्यातलं द्रावक उडालं की रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होत जातं, आणि ही क्रिया दिवसेंदिवस चालते. पाण्यातल्या ॲक्रिलिकमध्ये रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून त्यांचा सलग पापुद्रा होतो.

आता थिनरची ताकद पाहा. इनॅमलचा व्हाइट स्पिरिट सौम्य असतो, वाळलेल्या लॅकरला तो काही करू शकत नाही. म्हणून लॅकरवर इनॅमल निर्धोक. उलट लॅकरचा थिनर जहाल. तो अर्धवट घट्ट झालेल्या इनॅमलमध्ये शिरला की तो थर फुगतो, पण तळाशी चिकटलेला असल्याने त्याला पसरायला जागा मिळत नाही, आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उठतात. नियम जन्माला आला तो इथे.

मग ‘ॲक्रिलिकवर लॅकर चालतच नाही’ हे खरं का? नाही. नीट वाळलेल्या तामिया ॲक्रिलिकवर लॅकरचं क्लिअर कोट एअरब्रशने मारणारे मॉडेलर पुष्कळ आहेत. ते पहिले दोन-तीन हात अगदी कोरडे, धुक्यासारखे देतात. थर इतका पातळ असतो की थिनर खाली मुरण्याआधीच उडून जातो. तोच लॅकर कुंचल्याने लावला, तर खालचा रंग कुंचल्याबरोबर ओढला जाईल. म्हणजे रंगांच्या क्रमाइतकंच महत्त्व एका वेळी किती ओलावा खालच्या थरावर पडतो यालाही आहे. हा मुद्दा नव्या लोकांना फारसं कुणी सांगत नाही, आणि तो सांगायलाच हवा.

दुसरा गैरसमज बाटलीवरच्या नावामुळे होतो. ‘ॲक्रिलिक’ लिहिलेले सगळे रंग एकाच जातीचे नसतात. तामियाच्या एक्स आणि एक्सएफ मालिकेतले रंग अल्कोहोलवाल्या थिनरमध्ये छान पातळ होतात, लॅकर थिनरमध्येही होतात. व्हॅलेहोचे रंग मात्र पाण्याचे. त्यांत अल्कोहोल किंवा लॅकर थिनर टाकला की रंग फाटतो, त्याच्या रबरासारख्या गुठळ्या होतात आणि एअरब्रशचं नोझल तुंबतं. आणि मिस्टर कलर? त्याचं रेझिन ॲक्रिलिकच आहे, पण द्रावक जहाल असल्यामुळे तो वागतो लॅकरसारखा. तेव्हा नावापेक्षा थिनर पाहावा.

‘बोटाला लागत नाही, म्हणजे वाळला’ या समजुतीने सर्वाधिक नुकसान होतं, असं माझं मत आहे. वरचा पापुद्रा कोरडा लागला तरी आत द्रावक अडकलेलं असतं. मॉडेल नाकाशी धरून वास घ्या. रंगाचा वास येत असेल, तर पुढचा थर मारू नका. जाड इनॅमलला कित्येक दिवस लागतात. पाण्यातल्या ॲक्रिलिकलाही मुंबई-कोकणात पावसाळ्यात अधिक धीर धरावा लागतो, कारण दमट हवेत पाणी उडायला वेळ लागतो. लॅकरचं दुखणं वेगळं. त्याचं द्रावक भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंगावर पांढरट धुरकट छटा येते. अशा दिवसांत सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर वापरावा, किंवा सरळ काम पुढे ढकलावं.

कुठला थर कशाने विरघळतो, हा थरांमधला फरक मुद्दाम वापरूनही घेता येतो. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ रणगाड्यांवर हिवाळ्यात पांढऱ्या रंगाचा हात मारत आणि तो वापराने झिजून खालचा हिरवा दिसू लागे. मॉडेलवर ती झीज आणायची, तर हिरवा रंग लॅकरचा मारून पूर्ण वाळू द्यावा. त्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके हात, आणि ते सुकल्यावर तामियाचं पांढरं ॲक्रिलिक. तासाभरात कोमट पाण्याने ओल्या केलेल्या आखूड केसांच्या ब्रशने हळूच घासलं, की पाणी पांढऱ्या थरातून आत झिरपतं, हेअरस्प्रे विरघळतो आणि हॅचच्या कडेशी, पायऱ्यांच्या ठिकाणी पांढऱ्याचे टवके निघू लागतात. हिरवा जागचा हलत नाही, कारण पाणी लॅकरला काही करू शकत नाही. पांढराही लॅकरचाच मारला असता, तर पाणी इतक्या सहज आत शिरलं नसतं.

वॉश म्हणजे रेषांमध्ये उतरवायचा अगदी पातळ केलेला रंग. ‘वॉशने खालचा रंग उतरतो’ ही भीती अर्धी खरी. तैलरंगाचा किंवा इनॅमलचा वॉश वाळलेल्या ॲक्रिलिकवर किंवा लॅकरवर बिनधास्त द्यावा. इनॅमलवर द्यायचा असेल, तर मध्ये ॲक्रिलिकचं चकचकीत क्लिअर कोट हवंच. त्यावर वॉश रेषांमधून सहज धावतो आणि त्यावर लावलेल्या डिकलखाली (चिकटचित्राखाली) हवा अडकून चंदेरी डागही पडत नाहीत.

रंगाच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर स्वस्त आहे, म्हणून तो मॉडेलवर वापरायचा मोह होतो. एअरब्रशचे धातूचे भाग धुण्यापुरताच तो ठेवा, किटचं पॉलिस्टायरिन प्लॅस्टिक त्याने विरघळू शकतं. आणि ‘ॲक्रिलिकला मास्क कशाला’ हे तर कुणीच म्हणू नये. एअरब्रशमधून उडालेला कुठलाही रंग फुप्फुसात जातो. लॅकरच्या वाफा साध्या कापडी मास्कने अडत नाहीत. त्यासाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क, उघडी खिडकी आणि जवळपास कुठलीही ज्योत नसणं, तिन्ही आवश्यक.

नवा रंग किंवा नवा थिनर हाती आला, की आधी किटच्या चौकटीच्या उरलेल्या तुकड्यावर तेच थर त्याच क्रमाने मारा. दुसऱ्या दिवशी त्यावर मास्किंग टेप दाबून ओढून पाहा, आणि मगच मॉडेलला हात लावा.