आवडता खेळाडू चुकतो तेव्हा मुलांशी काय बोलावं?

मार्च २०१८. केपटाऊनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचा कॅमेरॉन बँक्रॉफ्ट चेंडूवर काहीतरी पिवळं घासतो आणि मग ते पँटमध्ये लपवतो, हे जगभर टीव्हीवर दिसलं. तो सँडपेपर निघाला. कर्णधार स्टीव्ह स्मिथला आणि उपकर्णधार डेव्हिड वॉर्नरला हे ठाऊक होतं. अशी दृश्यं मुलंही आपल्या शेजारी बसून बघतात आणि विचारतात, "त्याने असं का केलं?" तेव्हा मोठ्यांची गडबड उडते. तिच्या मुळाशी काही गैरसमज असतात.

गैरसमज : पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे सांगायची गरज नाही.

वस्तुस्थिती : आपण सांगितलं नाही, तरी स्कूलबसमध्ये कुणीतरी सांगतंच, तेही तिखटमीठ लावून. रडीचा डाव म्हणजे काय, हे गल्लीत खेळणाऱ्या पोराला पक्कं ठाऊक असतं. आधी "तू काय ऐकलंस?" असं विचारावं. मग दोन वाक्यं पुरतात : "त्यांनी चेंडू मुद्दाम घासून खराब केला. ते नियमाविरुद्ध आहे, म्हणून त्यांना बरेच महिने खेळू दिलं नाही."

गैरसमज : चूक ती चूक, त्यात फरक काय करायचा?

वस्तुस्थिती : मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाच्या हातून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात. दुसरा चोरून जॅम काढायला जातो आणि एकच कप फुटतो. जास्त चूक कुणाची? लहान मुलं बहुधा पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवत. नुकसान डोळ्यांना दिसतं, हेतू दिसत नाही. तो मोठ्यांनी उलगडून दाखवावा लागतो. २०१९मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधांत आढळणारं, खेळाडूंना मनाई असलेलं द्रव्य त्याच्या चाचणीत सापडलं होतं. ते नकळत घेतलं गेलं, हे त्याचं म्हणणं बीसीसीआयने मान्य केलं, तरी शिक्षा झालीच. केपटाऊनचा प्रकार मात्र ठरवून केलेला होता. एक निष्काळजीपणा, दुसरी लबाडी. हा फरक मुलांना समजावता येतो.

गैरसमज : एवढा मोठा खेळाडू, त्याला सांभाळून घ्यायला हवं.

वस्तुस्थिती : लान्स आर्मस्ट्राँग कॅन्सरमधून उठला आणि टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत सलग सात वेळा जिंकला. उत्तेजकं घेतल्याचं तो वर्षानुवर्षं नाकारत राहिला. २०१२मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. पुढच्या जानेवारीत त्याने कबुली दिली. आजाराशी तो झुंजला हे खरं, आणि त्याने फसवलं हेही खरं. मुलांना दोन्ही सांगावं. "एवढे रन काढतो, मग चालतंय" असं घरात ऐकलेलं मूल एकच शिकतं : जिंकणाऱ्याला सगळं माफ.

गैरसमज : चुकला म्हणजे माणूसच वाईट. पोस्टर फाडून टाका.

वस्तुस्थिती : चूक वाईट म्हणावी, माणसाला परतायची वाट ठेवावी. स्मिथ आणि वॉर्नरला बारा महिन्यांची, बँक्रॉफ्टला नऊ महिन्यांची बंदी झाली. सिडनी विमानतळावर पत्रकारांसमोर स्मिथ ढसाढसा रडला. शिक्षा भोगून तो २०१९च्या विश्वचषकात आला, तेव्हा ओव्हलवर भारतीय प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मैदानावर असलेला विराट कोहली त्यांच्याकडे वळला आणि हुर्यो नको, टाळ्या वाजवा, अशी खूण केली. पुढे आयसीसीने या खिलाडूवृत्तीचा गौरव केला. माफी मागणं, शिक्षा भोगणं आणि मग पुन्हा नीट खेळणं, हा सगळा प्रवास मुलांना सांगावा. निम्म्यावर थांबू नये.

गैरसमज : मारहाणीसारख्या गोष्टींवर बोलूच नये.

वस्तुस्थिती : तपशील टाळावा, विषय टाळू नये. "कुणालाही मारायचा हक्क खेळाडूलाही नाही. तुझ्याशी कुणी असं वागलं तर लगेच आम्हाला सांग." प्रकरण कोर्टात असेल, तर निकाल अजून लागायचा आहे, हेही सांगावं.

हे सगळं मुलांना पटतं ते घरातल्या वागण्यावरून. सोसायटीच्या मॅचमध्ये आपल्या मुलाच्या बॅटची कड लागलेली स्पष्ट दिसली, तरी आईबाबा गप्प राहिले, तर संध्याकाळी त्यांनी स्मिथबद्दल सांगितलेलं मूल नुसतं ऐकून घेईल. तिथेच "कड लागली होती, तू आऊट आहेस" असं त्यांनी म्हटलं, तर मुलाला वेगळं काही समजावावं लागणार नाही.