आवडता ऋतू कोणता? पत्र्याखालच्या घरात विचारा

विदर्भातील शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, म्हणजे जूनच्या शेवटी उघडतात. गेल्या वर्षी शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात पाचवीत गेलेल्या आमच्या धाकटीला निबंध मिळाला, 'माझा आवडता ऋतू'. तिने गाईड उघडले. त्यात पावसाळा होता, पिसारा फुलवून नाचणारा मोर होता, हिरवा शालू नेसलेली धरती होती. उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीत मोर कोणी पाहिलेला नाही. आम्ही गाईड बंद केले आणि म्हटले, घरातल्या माणसांना विचार, मग लिही.

आईने पहिल्या झटक्यात सांगितले, "हिवाया. उन्हायात जीव जाते, पावसायात घर जाते. हिवायात खाली एक गोदडी लागते."

मुलीच्या आईने उन्हाळ्याची बाजू घेतली. कुरड्या, सरगुंडे, पापड, वर्षाची हळद-तिखट सारे त्या उन्हावर वाळते. महिला मंडळाच्या चार-पाच जणी मिळून हे पदार्थ करून विकतात. त्यांच्या हिशेबात एप्रिल-मे म्हणजे घरी पैसा येण्याचे महिने.

आमचा धाकटा भाऊ मिस्त्रीकाम करतो. तो जेवता जेवता म्हणाला, "ज्या मौसमात काम भेटते तो आपला." पावसाळ्यात बांधकामे थंडावतात, त्याचे हात रिकामे राहतात. ज्या उन्हाने माणूस आडवा होतो त्याच उन्हात त्याची चूल पेटते. पोरीने वहीत लिहून घेतले आणि पेन्सिल चावत बसली. तिला एकच ऋतू हवा होता.

खरे सांगायचे तर नागपूरकराने ऋतूविषयी बोलायचे म्हणजे आधी उन्हाविषयी बोलावे लागते. २३ मे २०१३ रोजी आमच्या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि सगळ्या देशात बोभाटा झाला. ते यंत्र बिघडल्याचे नंतर जाहीर झाले. आम्हाला मात्र तो आकडा ऐकून फारसे नवल वाटले नव्हते, कारण आम्ही पत्र्याखाली राहतो. हवामान खात्याचे तापमान मोजतात ते सावलीत, झरोक्याच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर. मैदानी भागात ते ४५ अंशांना टेकले की उष्णतेची लाट धरतात. पण दहा बाय बाराच्या खोलीत, डोक्यावर हात पुरेल इतक्या उंचीवर तापलेला पत्रा, शेजारी पेटलेला गॅस आणि सहा माणसे, तेथील तापमान कोणत्या पेटीत मोजतात? रात्री अकरा वाजताही भिंतीला पाठ टेकवत नाही. बातमीत 'कमाल तापमान' येते. कष्टकऱ्याला मारते ते पुष्कळदा रात्रीचे न उतरणारे तापमान, कारण दिवसभर तापलेल्या शरीराला निवायला वेळच मिळत नाही.

नवतपाचेही असेच. २५ मेपासूनचे नऊ दिवस सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो म्हणून पृथ्वी तापते, असे शेजारीपाजारी सांगतात. धाकटीने विचारले, खरे काय? आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, तरी एवढे ठाऊक होते की नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. अंगणात पाण्याचा पाईप उभा रोवला. वस्तीतली दहा-बारा पोरे गोल करून बसली. बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास पाईपची सावली पायाशी गोळा होऊन नाहीशी झाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. दुपारी बारा-सव्वाबाराच्या उन्हात एवढी पोरे बसवली म्हणून आम्हाला आयांच्या शिव्याही खाव्या लागल्या, आणि त्या रास्तच होत्या. हेच पुन्हा जुलैच्या मध्यावर घडते, सूर्य तेव्हाही माथ्यावरच असतो. मात्र तेव्हा ढग आणि ओल असते, म्हणून कोणी त्याला तपा म्हणत नाही. नक्षत्राचा संबंध नाही, कोरडी जमीन, निरभ्र आकाश आणि सरळ किरण यांचा आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्याच गल्लीतील एक बाई बांधकामावर गिट्टी वाहून दुपारी तीनला घरी आल्या. डोके दुखते म्हणाल्या, दार लोटून झोपल्या. मुलीला वाटले, थकून झोपली आहे. पाचला हलवले तर अंग तव्यासारखे, कातडी कोरडी, बोलणे असंबद्ध. आम्ही कार्यालयातून येऊन सायकल टेकवत होतो. घरात गर्दी. एक जण तळपायाला कांदा चोळतो आहे, एक म्हातारी 'बाहेरचं' असावं म्हणते, तिसरा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओततो आहे. पाणी ओतणे आधी थांबवले, ते श्वासनलिकेत गेले असते. गर्दी बाहेर काढली, बाईंना ओट्यावरच्या सावलीत आणले, पातळावर बादलीभर पाणी टाकले आणि दोघांनी पुठ्ठ्याने वारा घातला. १०८ ला फोन लावला. त्या वाचल्या. पाच दिवस दवाखान्यात होत्या. ठेकेदाराने त्या पाच दिवसांची हजेरी कापली हे वेगळे सांगायला नको. आजही उन्हात अर्धा तास उभे राहिले की त्यांना भोवळ येते, म्हणून घरी बसून पापड लाटतात.

ऊन लागणे म्हणजे नाजूक माणसाची तक्रार, असा आपल्या लोकांत एक गैरसमज आहे. आमचे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. धागा तुटू नये म्हणून तिथे मुद्दाम हवेत ओल सोडत. त्या दमट उष्म्यात आठ तास उभे राहून ते घरी येत आणि "एवढं काय?" म्हणत. कष्ट सोसले याचा अभिमान असावा, पण घाम येणे थांबले, तोंडाला कोरड पडली, बडबड सुरू झाली तरी काम रेटणे यात कसली मर्दुमकी?

त्या प्रसंगानंतर बुद्धविहाराच्या समितीत आम्ही विषय मांडला की एप्रिलपासून पाऊस लागेपर्यंत दुपारी बारा ते चार सभागृह उघडे ठेवावे, दोन कूलर लावावेत, दाराशी माठ ठेवावेत. विरोध झाला. वीजबिल कोण भरणार? लोक येऊन झोपतील, पत्ते कुटतील, विहाराचे पावित्र्य राहणार नाही. एका ज्येष्ठ सदस्यांनी तर आम्हाला सुनावले, "तुम्ही धर्मशाळा करून राहिले."

कारकुनी कामी आली. कूलर साधारण दोनशे वॅटचा धरला. दोन कूलर, चार तास, म्हणजे दिवसाला १.६ युनिट आणि महिन्याला ४८ युनिट. कागद पुढे ठेवला. तरीही निर्णय होईना, तेव्हा मागे बसलेल्या महिला मंडळाच्या आजी उठल्या. म्हणाल्या, "महाडले बाबासाहेबांनी तयाचं पाणी प्याले तवा ऊनच होतं ना बाबू? आन् आपल्या इहारात तहानलेला मानूस बाहीर उभा?" चवदार तळ्याची तारीख २० मार्च १९२७, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचीच. कोणी उत्तर दिले नाही. एक महिना करून पाहू, असे ठरले. त्याला आता तिसरा उन्हाळा झाला. रिक्षावाले, भाजीवाल्या, दुसऱ्या वस्तीतले हमाल येतात, घोटभर पितात, भिंतीला टेकतात. पत्ते एकदाच निघाले होते, आजींनी ते जप्त केले.

कूलरविषयी एक गोष्ट माता-भगिनींनी मनावर घ्यावी. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात, त्यांत पाणी भरणाऱ्या बायका आणि लहान मुले असतात. पाणी भरण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही, पिन काढावी. अर्थिंग तपासून घ्यावे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात. आणि पत्र्यावर फेब्रुवारीतच पांढरा चुना मारावा. चुना लावलेल्या आणि न लावलेल्या पत्र्याखाली दुपारी उभे राहून पाहा, तुमचे डोकेच सांगेल.

पावसाळ्याची कथा लहान आहे. कूलर तेव्हा निकामी, कारण हवेतच ओल असली की पाणी वाळत नाही आणि गारवा येत नाही. भांडी गळतीखाली लागतात. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी रस्त्यावर आली, माणसे मेली. आमची वस्ती वाचली, पण त्या दिवसापासून आईची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत छताला टांगलेली असतात. जातीचा दाखला, रेशनकार्ड, वडिलांचा गिरणीचा पास.

तरी पावसाचे आम्हाला एक आवडते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात वर्षावास असतो. बुद्धकाळी भिक्खूंनी पावसात फिरून उगवती पिके आणि बारीक जीव तुडवू नयेत म्हणून त्यांनी एके ठिकाणी राहावे, असा नियम झाला. हवामान पाहून केलेला नियम! आमच्या वस्तीत तेव्हा रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते आणि त्या दिवसांत रिकामा असलेला भाऊसुद्धा मागच्या रांगेत येऊन बसतो. भंडारा-गोंदियाकडचे आमचे पाहुणे मात्र तेव्हा दिसत नाहीत, कारण धानाची रोवणी असते.

मग ऑक्टोबरचा चटका, दीक्षाभूमीची गर्दी, आणि हळूच हिवाळा. संत्री येतात, आंबिया बहाराची आधी आणि मृगाची फेब्रुवारी-मार्चकडे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही स्वेटर-कानटोपी घालून रेल्वेने चैत्यभूमीला निघतो आणि दादरला उतरताच घामाने भिजतो. दरवर्षी तोच प्रकार, तरी आई स्वेटर काढू देत नाही. "परतीच्या गाडीत थंडी हाये," म्हणते, आणि असते.

धाकटीने शेवटी निबंध लिहिला. मोर नव्हता. आजीचा हिवाळा, आईच्या कुरड्या, काकाचे काम, पाईपची हरवलेली सावली आणि विहारातला माठ होता. शेवटची ओळ अशी: 'मला अजून ठरवता आलेले नाही.' बाईंनी दहापैकी सहा दिले आणि लाल शाईने लिहिले, 'ऋतू एकच निवडावा.' पोर दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी आईने तिला जवळ घेऊन सांगितले, "तुह्या बाईले म्हना, एक दिवस आपल्या घरी ये जेवाले." बाई अजून आल्या नाहीत. आल्या तर आम्ही त्यांना मे महिन्यात बोलावू, दुपारी विहारात बसवू.