सुप्याच्या माळावर, साडेचारनंतर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो, त्याच सुमाराला सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडी या पट्ट्यातलं गवत पिवळं पडतं. पुणे जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला भाग. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. मोरगावच्या गणपतीला येणारी माणसं गाडीच्या काचेतून बाहेर बघतात आणि म्हणतात, ‘काही नाही हो इथं, नुसता माळ.’ सरकारी दप्तरातही अशी बरीचशी जमीन ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेली असते.

या पडीक मुलखाला प्राणिशास्त्रात मात्र मानाचं पान आहे. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनभर हिंडून गावं, पिकं, जनावरं यांची मोजदाद करत होता. भारतीय लांडगा आणि चिंकारा या दोघांचंही शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ साली प्रसिद्ध केलं. एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे. लांडगा, चिंकारा आणि तो चंडोल हे तिघंही या माळांवर अजून टिकून आहेत. नशीब असेल तर एकाच संध्याकाळी तिघं भेटतात.

त्यासाठी पायी भटकायची गरज नाही, किंबहुना भटकूच नये. माणूस उतरला की पाखरं उडतात, गाडी थांबली तर बहुतेक वेळा बसून राहतात. पाणंदीने जमेल तितकं हळू जायचं आणि शक्यतो गाडीचं तोंड उत्तरेला ठेवायचं. म्हणजे चालकाच्या खिडकीबाहेर पूर्व येते, सूर्य पाठीशी राहतो आणि उतरतं ऊन नेमकं पाखराच्या अंगावर पडतं. इंजिन बंद करायचं, नाहीतर पाचशे मिलिमीटरच्या लेन्समध्ये त्याची थरथर उतरते. महागड्या ट्रायपॉडपेक्षा खिडकीत ठेवलेली ज्वारीची पिशवी जास्त कामाला येते. लेन्स तीवर पक्की बसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

साडेचार ते साडेपाच हा खरा फोटोचा तास. तारांवर कापशी घार आणि नीलपंख, बोरीच्या शेंड्यावर खाटीक, ढेकळावर गप्पीदास. ही मंडळी ओळखीची होऊन जातात. पण डोळे जमिनीवर ठेवावेत, कारण इथला सगळ्यात देखणा पक्षी जमिनीवरच असतो. धाविक टिटवीहून लहान. डोकं तांबूस, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई आणि खडूसारखे पांढरे पाय. पाच-दहा पावलं तुरुतुरु पळतो, थबकतो, ताठ उभा राहतो, वाकून एक किडा उचलतो, पुन्हा पळतो. थबकला की मागच्या मातीत असा मिसळतो की कॅमेऱ्याचा फोकस गवताच्या काडीवर जाऊन बसतो. गाडी त्याच्या वाटेच्या थोडी पुढे नेऊन उभी केली, तर तोच टिपत टिपत जवळ येतो. पाठलाग केला तर मात्र दर वेळी तेवढंच अंतर राखतो.

मेंढरांचा कळप दिसला तर थांबावंच. मेंढ्या चालतात तसे गवतातले नाकतोडे उडतात आणि त्यांच्यावर टपलेले कोतवाल मेंढीच्या पाठीवरच बसून येतात. वेडे राघू वरच्यावर झेप घेतात. मागून काठी खांद्यावर आडवी टाकून धनगर. ‘काय पाव्हणं, हरणं बघाया का?’ त्यांना लांडग्याविषयी विचारलं तर उत्तर शांतपणे येतं, ‘परवा आलता की. एक कोकरू गेलं.’ लांडग्याची बातमी इतक्या बिनरागाने सांगणारी माणसं आहेत, म्हणून लांडगा आहे. अभयारण्याचं श्रेय त्यानंतरचं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाच चौरस किलोमीटरच्या आसपास, लांडग्याच्या एका रात्रीच्या फेरीलाही ते पुरत नाही. तो जगतो तो गायरानांवर, बांधांवर, मेंढरांच्या वाड्यांच्या आसपास. त्याला नवा धोका आहे तो मोकाट कुत्र्यांचा. पुण्याजवळच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसून आलं आहे.

सूर्य टेकला की कॅमेऱ्याचं काम संपत येतं. आयएसओ वाढवत नेला तरी फोटो दाणेदार होतो. बरेच जण इथे बॅग भरून निघतात आणि माझ्या मते संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग घालवतात. कारण हॅरियर याच वेळी येतात.

आपल्याकडे त्यांना भोवत्या म्हणतात. पॅलिड आणि माँटेग्यूज या दोन जाती कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशांतून हिवाळ्यासाठी येतात. एवढा मोठा शिकारी पक्षी, पण रात्री झाडावर बसत नाही, उघड्या माळावर गवतात झोपतो, तोही घोळक्याने. गुजरातेतल्या वेळावदरला असे शेकडो पक्षी जमतात; आपल्या माळांवर मेळा त्या मानाने लहान. पंखांचा उथळ ‘व्ही’ करून ते गवताच्या शेंड्यांलगत तरंगत येतात. चेहरा काहीसा घुबडासारखा गोल, कारण गवतातली खसफस ऐकून शिकार करायची असते. नर राखी, पॅलिडच्या पंखांच्या टोकाला पाचरीसारखा काळा डाग, तर माँटेग्यूच्या पंखावर आडवी काळी रेघ. माद्या तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या. त्यांच्या ओळखीवरून जाणत्यांचेही वाद होतात. खाली उतरतात, दुसऱ्याला जागेवरून उठवतात, पुन्हा घिरट्या घालतात. चांगला अंधार पडेपर्यंत ही जागेची भांडणं चालतात. दुर्बीण असली की पुरे.

परतताना दिव्याच्या झोतात रस्त्यावर दोन लालसर ठिपके चमकले तर ब्रेक लावायचा. तो रातवा. दिवसभर तापलेल्या वाटेवर बसून तो किडे पकडतो आणि गाड्यांखाली सापडतो. उन्हाळ्यात त्याचा आवाज फरशीवर पडलेल्या गोटीसारखा टकटकत, वेग घेत विरून जातो. थंडीत तो फारसा बोलत नाही. त्याच्या तोंडावर टॉर्च धरून, तो आंधळा झाल्यावर दोन हातांवरून फोटो काढणारी टोळकी अलीकडे वाढली आहेत. त्या फोटोंना बक्षिसं मिळू नयेत, एवढं तरी स्पर्धावाल्यांनी बघावं.

कडबनवाडी आणि शिर्सुफळला आता वनविभागाची माळरान सफारी आहे, ऑनलाइन नोंदणी करून जाता येतं. हॅरियर मार्चअखेरीपासून परतायला लागतात. त्यानंतर उन्हाळ्यात धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांच्याच रंगाची अंडी घालतात. तेव्हा गाडीचं चाक पाणंद सोडून गवतात घालू नका.