नॉर्दर्न लाइट्स बघायला ट्रॉम्सोला कधी जायचं आणि व्हिसाचं गणित काय असतं?

इन्स्टाग्रामवर ‘नॉर्वे’ टाकलं की एक ठरावीक रील समोर येतोच. आकाशात हिरवे पडदे हलतायत, पुढच्या कटला रात्री बारा वाजता लख्ख ऊन, मग पाण्यातून वर आलेली व्हेलची शेपटी, मग बर्फातून पळणारी कुत्र्यांची गाडी. लोकेशन असतं ट्रॉम्सो. आणि खाली कमेंट्समध्ये एकच प्रश्न, पॅकेज कितीचं आहे?

खरं तर पहिला प्रश्न ‘कधीचं आहे?’ असा हवा. कारण या रीलमधल्या सगळ्या गोष्टी एका ट्रिपमध्ये दिसत नाहीत. त्यातल्या दोन तर एकाच आठवड्यात दिसणं शक्यच नाही. तारीख चुकली की लाखो रुपये खर्चून माणूस ढगाळ आकाश आणि चिखल झालेला बर्फ बघून परत येतो. त्यात व्हिसाचं स्वतःचं एक वेगळंच कॅलेंडर असतं. ही दोन्ही कॅलेंडरं एकमेकांवर ठेवून बघू.

आधी उजेडाचं कॅलेंडर

ट्रॉम्सो नॉर्वेच्या उत्तर भागात, आर्क्टिक वर्तुळाच्या साधारण ३५० किलोमीटर वर आहे. मुख्य शहर एका बेटावर, चारी बाजूंनी समुद्र आणि डोंगर. ऑस्लोहून विमानाने दोन तासांच्या आत पोहोचता येतं. इतक्या उत्तरेला असूनही जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३ ते उणे ४ अंशांच्या आसपास असतं, कारण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह किनारा गोठू देत नाही. म्हणजे थंडीच्या बाबतीत लडाख यापेक्षा जास्त झोडपतं. ट्रॉम्सोत खरा विषय थंडीचा नाहीच, उजेडाचा आहे.

साधारण २० मे ते २२ जुलै या काळात इथे सूर्य मावळत नाही. रात्री दोन वाजता लोक डोंगर चढत असतात. याउलट २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या काळात सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. याला पोलर नाइट म्हणतात. नावावरून वाटतं की चोवीस तास मिट्ट काळोख असेल, पण तसं नसतं. दुपारी काही तास निळसर-गुलाबी संधिप्रकाश पसरतो आणि फोटोग्राफर मंडळी त्यासाठीच येतात. १५ जानेवारीनंतरही डोंगरांच्या आडोशामुळे शहरात सूर्य दिसायला २१ तारीख उजाडते. त्या दिवशी शाळेतल्या मुलांपासून सगळे जण सूर्याच्या नावाने बनवलेले गोड बन खातात. आपल्याला मे महिन्यात ज्याचा कंटाळा येतो, त्याचं तिकडे स्वागत होतं.

आता नॉर्दर्न लाइट्स. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकतात आणि जमिनीपासून शंभर किलोमीटरहून उंचावर हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनला धडकतात. त्यातून हा उजेड तयार होतो. हा प्रकार उन्हाळ्यातही सुरूच असतो, पण आकाश उजळ असल्याने दिसत नाही. म्हणून बघण्याचा मोसम ऑगस्टच्या अखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. जूनमध्ये ‘नॉर्दर्न लाइट्स टूर’ कुणी विकत असेल तर तो तुम्हाला फक्त टूर विकतोय.

एक गोष्ट बहुतेक ब्लॉगमध्ये नीट सांगितलेली नसते. लोक मोबाइलवर ‘केपी इंडेक्स’चं ॲप टाकून त्याचा आकडा बघत बसतात. ध्रुवाभोवती ज्या पट्ट्यात हे प्रकाश सर्वांत जास्त दिसतात, त्या पट्ट्याच्या खालीच ट्रॉम्सो आहे. त्यामुळे इथे आकडा कमी असला तरी चालतं. खेळ बिघडवतात ते ढग. किनाऱ्यावरचं शहर असल्याने हवा तासातासाला बदलते. म्हणून तिथले गाइड संध्याकाळी हवामानाचा नकाशा बघून गाडी काढतात आणि मोकळं आकाश शोधत आतल्या भागात जातात. कधी कधी थेट फिनलंडची सीमा ओलांडतात. तेव्हा पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका.

याचा सरळ अर्थ असा की, दोन रात्रींची ट्रिप म्हणजे जुगार. चार-पाच रात्री हातात असतील तर निदान एक तरी मोकळी मिळण्याची आशा धरता येते. हमी कुणीच देत नाही.

मग आपल्या सुट्ट्या यात कुठे बसतात?

खरी पंचाईत इथे आहे. आकाशाच्या हिशेबाने सर्वांत चांगला काळ फेब्रुवारी-मार्च. बर्फ भरपूर, दिवसाला बऱ्यापैकी उजेड, रात्री काळोख. कुत्र्यांची गाडी, रेनडिअर, नॉर्दर्न लाइट्स सगळं एकत्र बसतं. ६ फेब्रुवारीला इथल्या मूळ रहिवासी सामी लोकांचा राष्ट्रीय दिन असतो आणि त्या सुमाराला शहराच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती होतात. पण आपल्याकडे हे दिवस दहावी-बारावीच्या परीक्षेचे आणि ऑफिसात आर्थिक वर्ष संपवण्याच्या घाईचे. मुलं नसलेल्या किंवा मुलं मोठी झालेल्या जोडप्यांनी मात्र दुसरा विचारच करू नये.

मे महिन्याची सुट्टी घेतली तर? पहिला पंधरवडा सरळ टाळा. रात्री पुरेसा काळोख नसतो म्हणून नॉर्दर्न लाइट्स नाहीत, मध्यरात्रीचा सूर्य अजून सुरू झालेला नाही, आणि वितळत्या बर्फाने पायवाटा चिकचिकीत. विमान स्वस्त मिळतं ते उगाच नाही. २० मेनंतर चित्र बदलतं. शाळा जूनच्या मध्यात उघडणार असेल, तर जूनचा पहिला आठवडा उत्तम. डोंगरमाथ्यावर बर्फ उरलेला असतो, पण फ्येलहायसेन नावाच्या केबल कारने ४२१ मीटर उंचीवर जाऊन मध्यरात्रीचा सूर्य बघता येतो. पायी जायचं असेल तर सुमारे १२०० दगडी पायऱ्या आहेत. त्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधल्यात, म्हणून नावही शेर्पा पायऱ्या. आपली जेजुरी चढणाऱ्यांना सांगायला नको, पण या जरा जास्तच उभ्या आहेत.

दिवाळीची सुट्टी हा मधला पर्याय, आणि माझ्या मते कुटुंबासाठी सर्वांत व्यवहार्य. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या सुमाराला ट्रॉम्सोत दिवस जेमतेम पाच तासांचा असतो, त्यामुळे लाइट्स शोधायला लांबलचक रात्र मिळते. हेरिंग माशांच्या मागे ऑर्का आणि हंपबॅक व्हेलही उत्तरेकडच्या स्कयेर्वॉय भागात यायला लागलेल्या असतात आणि जानेवारीपर्यंत राहतात. उणी बाजू अशी की बर्फ पुरेसा पडलेला असेलच असं नाही. कुत्र्यांच्या गाडीला तेव्हा चाकं लावलेली असू शकतात. ऑक्टोबर निवडत असाल तर छत्री घ्या, तो तिथल्या सर्वांत ओल्या महिन्यांपैकी एक.

ख्रिसमस आणि नवं वर्ष? गर्दी आणि भाव दोन्ही टिपेला. शिवाय २४ ते २६ डिसेंबर बरीच दुकानं, हॉटेलं बंद. पोलर नाइटचा अनुभव हवाच असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा जास्त शहाणपणाचा.

आता व्हिसाचं कॅलेंडर

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि तोच व्हिसा फिनलंड, डेन्मार्क, फ्रान्समध्येही चालतो. ब्रिटनमध्ये चालत नाही. लंडनमार्गे स्वस्त तिकीट घेण्याआधी ट्रान्झिट व्हिसाचे नियम बघा.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, यात बरेच जण घोळ घालतात. नियम साधा आहे. जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथून प्रथम आत शिरणार, त्या देशाकडे. हेलसिंकीत दोन रात्री आणि ट्रॉम्सोत पाच असतील, तर विमान आधी फिनलंडला उतरत असलं तरी अर्ज नॉर्वेकडेच. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून खोटा प्लॅन दाखवायचा सल्ला एजंट देतात. तो ऐकू नका. अर्ज नाकारला गेला तर ती नोंद पुढच्या अर्जालाही चिकटते.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, जास्त चौकशी हवी असेल तर ४५ पर्यंत. म्हणजे ६ नोव्हेंबर २०२६ ला निघायचं तर खिडकी मेच्या पहिल्या आठवड्यात उघडते. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटसाठी झुंबड असते. ऑगस्टपर्यंत कागद तयार ठेवून अर्ज केला तर जीव टांगणीला लागत नाही. नॉर्वेचा अर्ज ऑनलाइन भरून फी तिथेच भरायची आणि मग व्हिसा केंद्रात जाऊन कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. आधीच्या शेंगेन व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिन्यांपर्यंत चालतात. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

फी प्रौढांसाठी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५, त्याखाली माफ. आई-बाबा, चौदा वर्षांची ताई आणि नऊ वर्षांचा भाऊ असं कुटुंब धरलं तर ३१५ युरो, म्हणजे तीस हजार रुपयांच्या वर, आणि व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. भीती घालण्यासाठी सांगत नाही, पण २०२४ मध्ये भारतातून शेंगेनसाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यातले जवळपास १ लाख ६५ हजार नाकारले गेले. साधारण सातातला एक.

कागदांमध्ये पासपोर्टकडे आधी बघा. तो गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. किमान ३० हजार युरो कव्हर असलेला प्रवास विमा लागतो. नॉर्वे माणशी दिवसाला ५०० क्रोनर खर्चाची ऐपत दाखवायला सांगतो. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक कुठून तरी तीन लाख आलेले दिसले, तर ते अधिकाऱ्यालाही दिसतात. पगाराची स्लिप, ऑफिसचं रजेचं पत्र, आयकर विवरणपत्र, परत येण्याचं कारण दाखवणारी प्रत्येक गोष्ट जोडा. मूल एकाच पालकासोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. आणि व्हिसा हातात येईपर्यंत रिफंड न होणारं तिकीट काढू नका. अर्जाला रिझर्व्हेशन पुरतं.

स्टिकर नीट वाचा

व्हिसा आला की आपण तारीख बघतो, स्टोरी टाकतो आणि पासपोर्ट ठेवून देतो. पण त्या स्टिकरवर तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. दोन, त्या काळात किती दिवस राहता येईल. तीन, किती वेळा आत येता येईल.

समजा, १ ते २५ मार्च अशी मुदत आहे आणि दिवस १० लिहिलेत. याचा अर्थ २५ दिवस राहता येईल असा होत नाही. या २५ दिवसांत कुठलेही १० दिवस. उतरण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात, रात्री साडेअकराला उतरलात तरी. एकच प्रवेश असेल तर एकदा शेंगेनबाहेर पडल्यावर पुन्हा आत येता येत नाही. हा नियम स्वालबार्डला जाणाऱ्यांना नडतो. ती बेटं नॉर्वेचीच, तिथे जायला व्हिसाही लागत नाही, पण ती शेंगेनमध्ये नाहीत. ऑस्लो किंवा ट्रॉम्सोमार्गे तिथे जाऊन परत यायचं तर व्हिसावर किमान दोन प्रवेश हवेत.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच. पासपोर्ट अमेरिकी असेल तर ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ‘एटियास’ नावाची जी ऑनलाइन परवानगी चर्चेत आहे, ती अशा व्हिसामुक्त पासपोर्टवाल्यांसाठी आहे. व्हिसा घेऊन जाणाऱ्या भारतीयांचा तिच्याशी संबंध नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटला देऊ नका.

विमानतळावर

इमिग्रेशन शेंगेनमध्ये जिथे पहिल्यांदा उतरता तिथे होतं. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे गेलात तर फ्रँकफर्टला, दोहामार्गे गेलात तर ऑस्लोला. ट्रॉम्सोचं पुढचं विमान देशांतर्गतसारखंच. रांगेचा वेळ धरून दोन विमानांमध्ये निदान अडीच-तीन तास ठेवा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटोसह डिजिटल नोंद ठेवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे. त्यामुळे एक दिवस जास्त राहिलात तरी ते आपोआप कळतं. हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या प्रती चेक-इन बॅगेत टाकू नका, हातात ठेवा. अधिकारी विचारू शकतो.

दिवाळीत जाणाऱ्यांसाठी शेवटचं. भारतातून नॉर्वेत मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच ठेवा.